पदव्युत्तर नर्सिंगमध्ये नेमकं शिकवतात काय?

पदवी घेतली, परवाना मिळाला, वॉर्डात दिवसपाळ्या-रातपाळ्या करून झाल्या. अशा नर्सने पुन्हा दोन-तीन वर्षं कॉलेजात जाऊन शिकायचं म्हणजे काय शिकायचं? इंजेक्शन देता येतं, सलाईन लावता येतं, बिघडत चाललेला पेशंट मॉनिटरचा अलार्म वाजायच्या आत ओळखता येतो. हा प्रश्न घरचे विचारतात आणि सोबत ड्यूटी करणारेही विचारतात. मोठी पदवी घेतली की मोठं पद मिळतं, एवढंच उत्तर बहुतेकांना माहीत असतं.

खरं उत्तर निर्णयाशी जोडलेलं आहे. पदवीपर्यंतच्या शिक्षणात नर्सला पेशंटवर नजर ठेवणं, बदल टिपणं, उपचार अचूक देणं आणि वेळेत डॉक्टरांना कळवणं शिकवलं जातं. एकदा कळवलं की पुढचं ठरवणं दुसऱ्याच्या हातात असतं. पदव्युत्तर शिक्षणाच्या क्लिनिकल, म्हणजे प्रत्यक्ष पेशंटवर उपचार करण्याच्या, शाखांमध्ये ते ठरवणं नर्सकडे येतं. निदान काय असू शकेल, कोणती तपासणी करायची, कोणती नाही, औषध कोणतं, किती, किती दिवस आणि पुन्हा कधी बोलवायचं, हे सगळं तिला ठरवायचं असतं. अभ्यासक्रमातले जवळपास सगळे विषय या एका बदलासाठी रचलेले असतात. हे लक्षात घेतलं की विषयांची ती लांबलचक यादी वाचताना दडपण येत नाही.

आधी थोडा इतिहास बघू, म्हणजे आजचा अभ्यासक्रम असा का आहे ते कळेल. नर्सिंगचं उच्च शिक्षण सुरुवातीला पेशंटच्या खाटेपासून दूर होतं. न्यूयॉर्कमधल्या कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात १८९९ मध्ये नर्सेससाठी अभ्यासक्रम सुरू झाला, तो हॉस्पिटलचा कारभार आणि नर्सिंग स्कूल कसं चालवायचं यासाठी. तिथेच १९०७ मध्ये ॲडलेड नटिंग नर्सिंगच्या जगातल्या पहिल्या प्राध्यापक झाल्या. पुढची अनेक दशकं चित्र तेच राहिलं. जास्त शिकलेली नर्स शिक्षिका व्हायची किंवा मेट्रन व्हायची, म्हणजे वॉर्डातून बाहेर पडायची. १९५४ मध्ये हिल्डेगार्ड पेपलाऊ या नर्सने अमेरिकेतल्याच रटगर्स विद्यापीठात मानसोपचार नर्सिंगचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला आणि पेशंटसमोर राहूनच तज्ज्ञ होण्याची वाट उघडली. मग १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या सार्वजनिक आरोग्य क्षेत्रातल्या नर्स आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी मिळून पहिला नर्स प्रॅक्टिशनर (स्वतः तपासून निदान आणि उपचार ठरवणारी नर्स) अभ्यासक्रम उभा केला. ज्या मुलांपर्यंत डॉक्टर पोचतच नव्हते, त्यांना नर्सनेच तपासावं, हा त्यामागचा विचार होता. फोर्ड यांना त्यासाठी टीका सोसावी लागली आणि ती नर्सिंगच्या शिक्षकांकडूनही झाली. २०२५ मध्ये, वयाच्या १०४व्या वर्षी त्यांचं निधन झालं, तोवर त्यांनी सुरू केलेली वाट अनेक देशांत पोचली होती.

आज या क्लिनिकल वाटेवर चार मुख्य भूमिका दिसतात: नर्स प्रॅक्टिशनर, क्लिनिकल नर्स स्पेशालिस्ट (एका शाखेतली तज्ज्ञ नर्स), नर्स ॲनेस्थेटिस्ट (भूल देणारी) आणि नर्स मिडवाइफ (बाळंतपण करणारी). शिक्षण, प्रशासन, संशोधन या जुन्या वाटाही आहेतच. देशागणिक अधिकार फार बदलतात. कुठे औषध लिहिता येतं, कुठे डॉक्टरांच्या सहीशिवाय येत नाही. पुढे मी मुख्यतः नर्स प्रॅक्टिशनरच्या शिक्षणाबद्दल लिहिते आहे, कारण निर्णयाची जबाबदारी हातात येते म्हणजे काय होतं, ते तिथे सगळ्यात स्पष्ट दिसतं.

तीन विषय आणि एक पेशंट

अभ्यासक्रमाचा कणा तीन विषयांचा असतो: प्रगत पॅथोफिजिओलॉजी, प्रगत फार्माकॉलॉजी आणि प्रगत शारीरिक तपासणी. इंग्रजीत तिन्हींमध्ये 'पी' येत असल्यामुळे अमेरिकेतले विद्यार्थी त्यांना 'थ्री पीज' म्हणतात. पहिल्यात आजार शरीरात कसा घडतो ते शिकायचं, दुसऱ्यात औषध शरीरात काय करतं ते, आणि तिसऱ्यात आपले हात, डोळे, कान वापरून आजार कसा शोधायचा ते. पदवीला हे तिन्ही झालेलेच असतात. फरक कुठे पडतो, ते एका पेशंटवरून बघू.

समजा, ६८ वर्षांच्या एक बाई आल्या आहेत. मधुमेह आहे, रक्तदाब आहे, हृदय थोडं कमजोर आहे. रॅमिप्रिल (रक्तदाब आणि हृदयासाठी), फ्युरोसेमाइड (अंगातलं जास्तीचं पाणी लघवीवाटे काढणारी) आणि मेटफॉर्मिन (मधुमेहासाठी) या गोळ्या नेमाने घेतात. दोन आठवड्यांपासून आडवं झालं की धाप लागते आणि संध्याकाळी पाय सुजतात.

वॉर्डात काम केलेली नर्स इथे काय करेल ते तिच्या अंगवळणी पडलेलं असतं. डोक्याकडचा भाग उंच करून बसवेल, ऑक्सिजनचं प्रमाण बघेल, रक्तदाब, नाडी, वजन घेईल आणि डॉक्टरांना फोन करेल. हे सगळं बरोबरच आहे. पण आता ती स्वतः त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला आहे. धाप कशामुळे लागते आहे? हृदयाचा कमजोरपणा वाढला असेल. न्यूमोनिया असेल. रक्त कमी झालं असेल. फुप्फुसात रक्ताची गुठळी गेली असेल. मधुमेह असलेल्या माणसाला छातीत न दुखताही हार्ट अटॅक येऊ शकतो, तोही असेल. किडनी काम करेनाशी झाली असेल. अशी यादी करायची आणि ती दोन निकषांवर लावायची: सगळ्यात जास्त शक्यता कशाची, आणि चुकलं तर जीव जाईल असं यात काय आहे. दुसरा निकष शिकायला वेळ लागतो. शक्यता कमी असली, तरी जिवावर बेतणारं कारण आधी बाजूला काढायचं असतं.

आता तपासणी. बाईंना पाठीला टेका देऊन अर्धवट बसवायचं आणि मानेतल्या शिरेत रक्त किती उंचीपर्यंत दिसतंय ते बघायचं. ती शीर फुगलेली दिसली, तर हृदयाच्या उजव्या बाजूवर दाब वाढलाय. मग त्यांना डाव्या कुशीवर वळवून स्टेथोस्कोपची घंटेच्या आकाराची बाजू हृदयाच्या टोकाशी हलकेच टेकवायची. जोरात दाबली, तर हवा तो आवाज नाहीसा होतो. नेहमीच्या दोन ठोक्यांनंतर लगेच एक तिसरा, खोल, दबका आवाज आला, तर हृदयाच्या कमजोरपणाकडे बोट दाखवणारी ती जोरदार खूण असते. हे वाचून येत नाही. शेकडो छात्या ऐकल्यावर कधीतरी तो आवाज 'दिसायला' लागतो.

समजा, तपासणीत हृदयाचाच त्रास वाढल्याचं कळलं. मग पुढचा प्रश्न, आत्ताच का वाढला? गोळ्या नेमाने चालू आहेत. इथे विचारायचं, "काकू, डॉक्टरांनी न सांगितलेली, दुकानातून स्वतः आणलेली एखादी गोळी घेता का?" आणि उत्तर येतं की गुडघे फार दुखतात, म्हणून महिनाभर आयबुप्रोफेन चालू आहे. गोळ्यांची नावं विचारली, तेव्हा त्यांनी ती सांगितली नव्हती, कारण दुखण्यावरच्या गोळीला त्या औषध समजतच नाहीत.

इथे तिन्ही विषय एका जागी येतात. किडनीतल्या प्रत्येक गाळणीला रक्त आत आणणारी एक बारीक रक्तवाहिनी असते आणि बाहेर नेणारी दुसरी. आतली रुंद आणि बाहेरची थोडी आवळलेली राहिली की मध्ये दाब तयार होतो आणि रक्त गाळलं जातं. आतली रुंद ठेवायला शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं वापरतं. आयबुप्रोफेन तीच बनू देत नाही, म्हणून आतली वाट अरुंद होते. रॅमिप्रिलमुळे बाहेरची वाट सैल होते. फ्युरोसेमाइडमुळे मुळात रक्तातलं पाणी कमी झालेलं असतं. तिन्ही एकत्र आली की गाळणीतला दाब पडतो आणि किडनीवर घाला येऊ शकतो. यातली एकेक गोळी आपल्या जागी योग्य असू शकते, धोका तिन्ही मिळून होतो. वर आयबुप्रोफेन मीठ आणि पाणी शरीरात धरून ठेवतं, त्यामुळे आधीच थकलेल्या हृदयावरचा भार वाढतो. धाप लागायचं कारण गुडघ्याच्या गोळीत निघालं.

ती गोळी बंद करायची हे उघड आहे, पण तेवढ्यावर भागत नाही. रक्तातलं क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारा आणि किडनीने बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ) आणि पोटॅशियम तपासायचं. वयस्कर, बारीक बाईचे स्नायू कमी असतात, म्हणून तिचं क्रिएटिनिन रिपोर्टात 'नॉर्मल' दिसलं, तरी किडनी नीट चालली आहे असं धरून चालत नाही. वय धरून किडनीचा रक्त गाळण्याचा वेग (ईजीएफआर) काढावा लागतो. तो ३० च्या खाली गेला असेल, तर मेटफॉर्मिन थांबवायला हवं. ईसीजी काढायचा, कारण न दुखणारा हार्ट अटॅक अजून यादीत आहे. फ्युरोसेमाइड वाढवायचं का? अंगात पाणी साचलंय म्हणून हो, किडनी ताणाखाली आहे म्हणून सांभाळून. घरी पाठवायचं की भरती करायचं? या प्रश्नांची उत्तरं कुठल्या एका पुस्तकात एकत्र मिळत नाहीत.

आणि बाईंचे गुडघे अजून दुखतातच. त्याची सोय केली नाही, तर त्या घरी जाऊन तीच गोळी पुन्हा घेतील. पॅरासिटामॉल पुरेल का, वरून लावायचं जेल चालेल का, फिजिओथेरपीला जाता येईल का, घरात जिने किती, औषधं कोण आणून देतं, वेष्टणावरचं बारीक अक्षर वाचता येतं का? माझ्या मते नर्सने घेतलेल्या निर्णयाचं वेगळेपण इथेच आहे. ही विचारपूस तिने वॉर्डात वर्षानुवर्षं केलेली असते. पदव्युत्तर शिक्षणाने तिला निदान शिकवावं, पण ही सवय मोडू नये. काही ठिकाणी विद्यार्थी नवं शिकण्याच्या नादात जुनं बाजूला ठेवतात, तेव्हा वाईट वाटतं.

आकडे, पुरावा आणि बाकीचे विषय

संख्याशास्त्र आणि पुराव्यावर आधारित उपचार या विषयांना विद्यार्थी सगळ्यात जास्त घाबरतात. त्यामागचा हेतू मात्र साधा आहे. एक उदाहरण घ्या. एखादा आजार शंभरात एकाला आहे. त्याची तपासणी आजारी माणसांपैकी ९० टक्के लोकांना बरोबर पकडते आणि निरोगी माणसांपैकी ९० टक्के लोकांना बरोबर सोडते. तुमच्या पेशंटची तपासणी पॉझिटिव्ह आली. त्याला तो आजार असण्याची शक्यता किती? बहुतेक जण ९० टक्के म्हणतात. हजार माणसं घेऊन मोजा. आजारी १०, त्यातले ९ पॉझिटिव्ह. निरोगी ९९०, त्यातले ९९ चुकून पॉझिटिव्ह. म्हणजे १०८ पॉझिटिव्हमध्ये खरे आजारी फक्त ९, साधारण ८ टक्के. पूर्वी नर्सने रिपोर्ट फाइलला लावून वर पाठवला की काम झालं होतं. आता तपासणी लिहून देणारी तीच आहे. तेव्हा कुणाला कुठली तपासणी सांगायचीच नाही, हे कळायला हा हिशोब यावा लागतो. नाहीतर निरोगी माणसाला घाबरवून पुढच्या पाच तपासण्यांच्या रांगेत उभं केलं जातं.

नर्सिंगचे सिद्धांत, आरोग्य धोरण, नेतृत्व, नीतिशास्त्र हे विषयही असतात. यातल्या नीतिशास्त्राला माझं झुकतं माप आहे. औषध लिहिण्याचा अधिकार आला की मागणी येते, दबाव येतो. व्हायरल सर्दीला अँटिबायोटिक मागणाऱ्या पेशंटला नाही म्हणायचं आणि तरी त्याला दुखवायचं नाही, हे शिकावं लागतं. सिद्धांतांचा विषय कसा शिकवला जातो, यावर तो उपयोगी की कंटाळवाणा ते ठरतं. त्यावर जास्त लिहीत नाही.

शेवटी थीसिस किंवा प्रकल्प असतो आणि या दोहोंतला फरक समजून घेण्यासारखा आहे. संशोधनात नवं ज्ञान शोधायचं असतं. प्रॅक्टिसवर भर देणाऱ्या डॉक्टरेटमध्ये, म्हणजे डीएनपीमध्ये, बहुधा गुणवत्ता सुधारणेचा प्रकल्प असतो. आधीच माहीत असलेली गोष्ट आपल्या वॉर्डात प्रत्यक्षात का होत नाही, ते शोधून ती घडवायची. याचा सर्वांत गाजलेला नमुना अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातला. तिथल्या शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांत मोठ्या शिरेत नळी घालताना पाळायच्या पाच साध्या गोष्टी ठरवून दिल्या: हात धुणं, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने कातडी स्वच्छ करणं, अंगभर निर्जंतुक आवरण वापरणं, शक्यतो जांघेतली शीर टाळणं आणि गरज संपली की नळी काढणं. एखादी पायरी चुकली, तर डॉक्टरांना थांबवायचा अधिकार नर्सला दिला. रक्तातल्या जंतुसंसर्गाचं प्रमाण खूप खाली आलं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात नवा शोध एकही नव्हता. पाचही गोष्टी सगळ्यांना माहीत होत्या.

क्लिनिकलचे तास

आता पोस्टिंगबद्दल, म्हणजे वॉर्डात किंवा दवाखान्यात प्रत्यक्ष काम करत शिकण्याबद्दल. पदवीच्या पोस्टिंगमध्ये आठ-दहा विद्यार्थी, एक क्लिनिकल इन्स्ट्रक्टर आणि एक वॉर्ड असं चित्र असतं. पदव्युत्तर पातळीवर बहुधा एक विद्यार्थी आणि एक प्रिसेप्टर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारा अनुभवी नर्स प्रॅक्टिशनर किंवा डॉक्टर, अशी जोडी असते. पेशंट प्रिसेप्टरचे, कायदेशीर जबाबदारीही त्याचीच. पण आत आधी विद्यार्थिनी जाते. हिस्टरी घेते, तपासते, बाहेर येऊन दोन-तीन मिनिटांत केस मांडते, मग दोघं मिळून आत जातात.

केस मांडायच्या त्या दोन-तीन मिनिटांत खरं शिक्षण होतं. चांगला प्रिसेप्टर उत्तर सांगत नाही. तो आधी विचारतो, "तुला काय वाटतं, काय असेल?" विद्यार्थिनीला स्वतःचं एक मत ठामपणे द्यावं लागतं. मग तो विचारतो, "कशावरून?" मग त्या केसमधून पुढेही कामी येईल असा एखादा नियम सांगतो, बरोबर केलेली गोष्ट नाव घेऊन सांगतो आणि चूक दुरुस्त करतो. या पाच पायऱ्यांना 'वन-मिनिट प्रिसेप्टर' पद्धत म्हणतात आणि गर्दीच्या ओपीडीतही ती चालते. वरच्या उदाहरणातल्या बाईंची केस मांडताना विद्यार्थिनी सुरुवातीला म्हणेल, "पेशंटला धाप आहे, पायाला सूज आहे, सॅच्युरेशन अमुक आहे." माहिती पूर्ण, मत शून्य. काही महिन्यांनी तीच म्हणेल, "मला हृदयाचा त्रास वाढल्यासारखा वाटतोय, बहुतेक आयबुप्रोफेनमुळे. अटॅक नाही याची खात्री करायला ईसीजी हवा आणि आजच किडनीची तपासणी हवी." तिची प्रगती मोजायला याहून चांगली पट्टी नाही.

हा मधला काळ अवघड जातो. नर्सिंगच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नर्सच्या कौशल्याच्या पाच पायऱ्या मांडल्या, अगदी नवख्यापासून तज्ज्ञापर्यंत. पदव्युत्तर शिक्षणाला येणारी नर्स तिच्या वॉर्डात चौथ्या-पाचव्या पायरीवर असते. नव्या भूमिकेत ती पुन्हा पहिल्या पायरीवर येते. काल जिच्याकडे ज्युनिअर डॉक्टर सल्ला विचारायला येत होते, तिला आज सर्दीच्या पेशंटचं निदान सांगताना घाम फुटतो. असं होणं स्वाभाविक आहे. कॉलेजांनी हे पहिल्याच महिन्यात विद्यार्थ्यांना मोकळेपणाने सांगायला हवं, म्हणजे कुणी स्वतःला नालायक समजून कोर्स सोडायचा विचार करणार नाही.

तास किती? अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनरसाठी प्रत्यक्ष पेशंटसोबतचे किमान ५०० तास हा नियम बराच काळ होता. २०२२ च्या राष्ट्रीय मानकांनी तो ७५० वर नेला. डीएनपीसाठी पदवीनंतरचे एकूण १००० तास धरले जात आले. नर्स ॲनेस्थेटिस्टला किमान २००० तास आणि ६०० केसेस कराव्या लागतात. भूल देताना निर्णय सेकंदांत घ्यावा लागतो आणि हात तितकेच तयार लागतात, म्हणून तिथली अट एवढी कडक. मोजले जाणारे तास कोणते, हेही बघावं लागतं. पेशंटला स्वतः तपासलं, उपचार ठरवला, तो प्रत्यक्ष तास. मीटिंगला बसलं, आकडेवारी तपासली, प्रकल्पाचं काम केलं, ते अप्रत्यक्ष तास, आणि ते वरच्या ७५० मध्ये धरत नाहीत. प्रत्येक केस लॉगबुकमध्ये जाते: वय, तक्रार, निदान, विद्यार्थ्याने स्वतः किती केलं, प्रिसेप्टरची सही. लॉगबुक रोजच्या रोज भरावं. महिनाअखेरीस आठवून भरलेल्या लॉगबुकमध्ये पेशंट सगळे सारखेच दिसायला लागतात.

७५० तास म्हणजे आठवड्याला ४० तास धरले, तर जेमतेम १९ आठवडे. डॉक्टरांच्या रेसिडेन्सीसमोर, म्हणजे हॉस्पिटलातल्या कित्येक वर्षांच्या प्रशिक्षणासमोर, हे फार थोडं आहे, असा आक्षेप घेतला जातो आणि त्यात तथ्य आहे. आधीच्या नोकरीचा अनुभव जमेस धरा, असं उत्तर दिलं जातं. मला ते पूर्ण पटत नाही. आयसीयूत दहा वर्षं काढलेल्या नर्सचा अनुभव अमूल्य आहे, पण लहान मुलाचा कान तपासायला तो आपोआप उपयोगी पडत नाही. म्हणून अलीकडे नुसते तास मोजण्यापेक्षा काय करता येतं, ते तपासण्याकडे कल आहे. अमेरिकेतल्या नर्सिंग कॉलेजांच्या संघटनेने २०२१ मध्ये शिक्षणाची नवी चौकट आणली, ती दहा क्षेत्रांतल्या क्षमतांवर बेतलेली आहे. तास पूर्ण झाले, पण क्षमता दिसली नाही, तर पुढे जाता येऊ नये, हा त्यामागचा विचार मला योग्य वाटतो.

क्षमता तपासायची एक पद्धत म्हणजे ऑस्की (ओएससीई) ही प्रात्यक्षिक परीक्षा. वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी इथून ती मांडली. एका रांगेत ठरावीक वेळेच्या खोल्या असतात. एकीत छातीत दुखणारा पेशंट, एकीत वाईट बातमी सांगायची, एकीत औषधाचा डोस काढायचा. घंटा वाजली की पुढच्या खोलीत. सगळ्यांना तीच केस आणि गुण द्यायची तीच यादी, त्यामुळे परीक्षकाच्या मर्जीचा प्रश्न बराच कमी होतो. खोलीतले पेशंट बहुधा प्रशिक्षित अभिनेते असतात. ही कल्पना १९६० च्या दशकात हॉवर्ड बॅरोज या न्यूरॉलॉजिस्टने आणली. प्रत्यक्षात क्वचितच दिसणाऱ्या आणीबाणीचा सराव सिम्युलेशन लॅबमधल्या पुतळ्यावर होतो. तिथे चूक झाली, तर कुणाचा जीव जात नाही, आणि नंतर बसून 'त्या क्षणी तुझ्या मनात काय चाललं होतं' यावर जी चर्चा होते, तिला प्रत्यक्ष सरावापेक्षाही जास्त वेळ द्यावा, असं चांगले शिक्षक सांगतात.

प्रवेश घेण्याआधी

या शिक्षणात सगळ्यात मोठी अडचण प्रिसेप्टर मिळण्याची आहे. अमेरिकेतल्या काही ऑनलाइन कोर्सेसमध्ये शिकवणी घरी बसून होते आणि प्रिसेप्टर मात्र विद्यार्थ्याने स्वतः शोधायचा असतो. ओळखीपाळखी काढत, दवाखान्यांना फोन करत महिने जातात, सेमिस्टर वाया जातं, किंवा मिळेल त्या जागी तास भरावे लागतात. ज्या शिक्षणाचा गाभाच केस मांडायची ती दोन-तीन मिनिटं आहे, तिथे ती ऐकणारा माणूस विद्यार्थ्याच्या नशिबावर सोडणं मला गैर वाटतं. तेव्हा माहितीपत्रकातल्या इमारतीचे फोटो बघण्याआधी काही गोष्टी विचारून घ्या. क्लिनिकलची जागा आणि प्रिसेप्टर कॉलेज देतं का? शिक्षक तिथे येऊन विद्यार्थ्याला काम करताना बघतात, की फक्त फॉर्म मागवतात? दिवसाला पेशंट किती आणि कुठल्या वयाचे? एखादा विद्यार्थी मागे पडला, तर त्याला जास्तीचे तास देण्याची सोय आहे का? कोर्सनंतर प्रमाणपत्राची परीक्षा असेल, तर मागच्या बॅचचे किती पास झाले? आणि शक्य असेल, तर शेवटच्या सेमिस्टरच्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठून विचारा, "तुझा प्रिसेप्टर तुला आधी उत्तर सांगतो, की आधी विचारतो?"

नोकरीचं पहिलं वर्षही आधीच ठरवून ठेवावं. पदवी, परीक्षा, परवाना सगळं हातात असतं आणि दाराबाहेर प्रिसेप्टर नसतो. काही संस्था नव्या नर्स प्रॅक्टिशनरसाठी वर्षभराची फेलोशिप ठेवतात. पेशंटची संख्या हळूहळू वाढवतात आणि अडलं, तर विचारायला एक ठरलेला माणूस देतात. पगार थोडा कमी असला, तरी पहिली नोकरी अशा ठिकाणी घ्यावी. ती सोय नसेल, तर मुलाखतीतच विचारावं की पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला किती पेशंट बघावे लागतील आणि एखादी केस अडली, तर फोन कुणाला करायचा. या दुसऱ्या प्रश्नाला एखाद्या माणसाचं नाव मिळालं नाही, तर ती नोकरी घेण्याआधी पुन्हा विचार करावा.